डोलीची दांडी मऊ पडते तेव्हा

मी डोलीची दांडी बोलतेय. बांबूची नव्हे हो, अ‍ॅल्युमिनियमची. आतून पोकळ, बाहेरून रुपेरी आणि स्वभावानं पक्की उतावळी. कुणाचा नुसता कोपर लागला तरी मी टणकन वाजते. वारा सुटला की एका टोकातून शिरून दुसऱ्या टोकातून निघतो आणि मी शीळ घालते. आमच्या घरची सून शर्मिला म्हणते, "ही बया गप बसतच नाय." खरंच आहे ते. मला गप बसता येत नाही, आणि माझ्या धातूची निम्मी ताकद तर गप पडून राहण्यातूनच येते. आता सांगा, करायचं काय?

महाडच्या औद्योगिक वसाहतीत, रसायनांच्या कारखान्यांच्या मागच्या अंगाला, पाइपांचा एक लहानसा कारखाना आहे. तिथं माझा जन्म झाला. अ‍ॅल्युमिनियमचा ओंडका चांगला तापवला आणि सोऱ्यातून शेव पाडावी तसा साच्यातून रेटला, की आम्ही बाहेर पडतो. बाहेर पडल्या पडल्या अंगावर गार पाणी. लोखंडाला असं पाणी पाजलं की ते कडक होतं. आमचं उलटं. पाण्यातून निघालेली मी इतकी मऊ होते की उचलताना माझ्या कमरेला पोक येत होता.

मग मला गार अंगानं आणखी लहान साच्यातून ओढलं. त्याचं दुखणं काय सांगू! धग नाही, ऊब नाही, नुसती ओढाताण. पण त्या ओढाताणीत अंगातले थर एकमेकांत गुंततात, आणि गुंतलेलं सहजासहजी सरकत नाही. म्हणून गार असताना मार खाल्लेला धातू कडक होतो. फारच मार दिला तर मात्र तटकन मोडतो. कुठं थांबायचं हे ओढणाऱ्याला कळलं पाहिजे.

शेवटी भट्टी. ही भट्टी पावाच्या भट्टीपेक्षाही मंद. कारखान्यात सगळे तिला एजिंगची भट्टी म्हणतात, पण ती सांभाळणारा बुद्धरत्न तिला मुरवणीची भट्टी म्हणे. नवा आलेला सुशांत एकदा दारापाशी चुळबुळत होता, तेव्हा बुद्धरत्ननं त्याला समजावलं होतं.

"यात नुसतं अ‍ॅल्युमिनियम नाय रे. थोडं मॅग्नेशियम हाय, थोडं सिलिकॉन हाय. आधी जोरात तापवलं ना, तेव्हा ते विरघळून गेलं. पाणी मारलं तेव्हा तसंच अडकून पडलं. आता मंद धगीवर ते एकमेकांना शोधत बसतात आणि बारीक बारीक कण होतात. ते कण थरांना घसरू देत नाय. लवकर काढलास तर माल मऊ राहील. आत विसरलास तर कण मोठे होतील आणि ताकद परत उतरंल."

"म्हणजे लोणच्यासारखंच की," सुशांत म्हणाला.

"लोणचं उघडून चाखता तरी येतं. इथं दाराला हात लावायचा नाय."

त्या भट्टीत पाळीभर पडून राहताना माझा जीव नुसता तळमळत होता. आजूबाजूच्या नळ्या कशा शहाण्यासारख्या पडल्या होत्या! मी एकटीच मनात म्हणत होते, उघडा ना दार, उघडा ना. पण बाहेर आले तेव्हा माझा आवाज बदललेला होता. सुशांतनं पान्यानं टिचकी मारली आणि मी अशी खणखणले की पलीकडच्या मशीनवरच्या माणसानं मान वर केली. मला माझाच अभिमान वाटला.

तरी गिऱ्हाइकानं मला परत पाठवलं. का? तर अंगावर साच्याचा एक लांब ओरखडा होता. माणसांना ओरखड्याचं फार वाईट वाटतं, मग तो वस्तूवर असो की गाडीवर. मी पुन्हा वितळायच्या ढिगात गेले होते, पण बुद्धरत्ननं मालकाला विचारलं, "ही मी वाडीवर नेऊ का? आमच्या डोलीच्या बांबूला भुंगा लागलाय." मालकानं हातानंच ने म्हणून खूण केली.

महाडच्या स्टँडवर एसटीत मला चढवताना कंडक्टर वैतागला. "ओ, हा झेंड्याचा खांब कुठं घालताय? लोकांचे डोळे फुटतील."

"डोलीची दांडी हाय," बुद्धरत्न म्हणाला.

कंडक्टरनं मागच्या बाकावरच्या दोघांना उठवलं आणि मला खिडकीच्या कडेनं नीट आडवी ठेवली. मला वाटतं त्याचंही गाव असंच कुठंतरी डोंगरात असावं.

वरंधला उतरून डांबरी रस्ता सोडला की थोडं पुढं ओढा लागतो. तिथं गाडीवाट संपते आणि पायवाट सुरू होते. वर चढून गेलं की आमची बौद्धवाडी. मोजकी घरं, एक विहार, त्यासमोर निळा झेंडा, आणि भोवती नाचणी-वरीचे उतार. आजारी माणसाला खाली न्यायचं तर दांडीला घोंगडी किंवा जाड चादर बांधायची, तिच्यात माणूस निजवायचा आणि दोघांनी दोन टोकं खांद्यावर घ्यायची. घराघरात फोन आहेत, पण फोनवरून रुग्णवाहिका ओढ्यापर्यंतच येते. वरचं काम माझं.

मी बुद्धरत्नच्याच घरी राहिले. पडवीत दोन खुंट्यांवर मला आडवी टांगली. त्याचे वडील कोंडाजी वाडीतले जाणते. आई कमळाबाई वाडीतली बोलकी. त्याची बायको शर्मिला घरकाम आणि शेत दोन्ही सांभाळणारी. बुद्धरत्न स्वतः महाडला इतर तीन कामगारांबरोबर एका खोलीत राही आणि सुट्टीला वर येई.

मला कामाची घाई असायची, पण माझं काम म्हणजे कुणाचं तरी दुखणं. हे कळल्यावर मला माझ्या उतावळेपणाची लाज वाटू लागली. मधल्या काळात माणसं मला काही ना काही कामाला लावतच. कमळाबाई माझ्यावर लुगडी वाळत घाली. पोरं लोंबकळत. कुणीतरी काकडीचा वेल माझ्यावर चढवला होता. डोलीत बसलेल्या माणसांच्याही तऱ्हा. तापानं फणफणलेला म्हातारा झोळीतून वाट दाखवायचा, "डावीकडून घ्या रे, तिथं घसरण हाय." आणि उचलणारे घामानं निथळत असूनही प्रत्येक वेळी म्हणायचे, "जड नाय, जड नाय." सगळे खोटं बोलायचे, आणि ते मला आवडायचं.

मग त्या वर्षी भाद्रपद संपता संपता पायवाटेवर दरड आली. एक मोठा धोंडा वाटेच्या मधोमध येऊन बसला. वाडीतली माणसं गोळा झाली. पहार लहान पडली. तेव्हा शेजारचा सहदेव धावत आला आणि मला खुंटीवरून उतरवून घेऊन गेला. मी लांब होते, म्हणून धोंड्याखाली माझं टोक खुपसून तीन गड्यांनी दुसऱ्या टोकावर लटकून जोर लावला.

धोंडा हलला. गडगडत खाली गेला. सगळे ओरडले. आणि मी कमरेत वाकले.

"आयला," सहदेव म्हणाला. "दांडी गेली."

कोंडाजीनं मला घरी आणलं आणि गुडघा लावून सरळ करायला बघितलं. पण मी जिथं वाकले होते तिथं गार अंगानं मार बसला होता, म्हणून तिथं मी आणखीच ताठ झाले होते. जोर लावला की बाक तसाच राही आणि त्याच्या शेजारी दुसरा बाक येऊ लागे. कोंडाजी घामाघूम झाला. त्यानं मला खाली टाकलं आणि कमरेवर हात ठेवून बघत उभा राहिला.

"आग लाव गो," त्यानं शर्मिलाला सांगितलं.

शर्मिलाला सातवा सरत आला होता. तिनं अंगणात खैराची लाकडं आणून टाकली आणि विचारलं, "बाबा, यांना फोन करून विचारू का? ती कारखान्याची हाय."

"त्यात काय विचारायचा? बांबू कसा सरळ करतात? आगीवर. कोयता कसा कडक करतात? पाणी पाजून. मग ही काय आभालातून पडलीय?"

यात कोंडाजीची चूक म्हणावी तर कशी म्हणावी? साऱ्या वाडीच्या कावडी, काठ्या, नांगराच्या दांड्या त्यानं अशाच आगीवर सरळ केल्या होत्या. कोयत्यांना आणि विळ्यांना त्याच्याइतकं नेमकं पाणी पाजणारा आसपास दुसरा नव्हता. त्याच्या हातानं आजवर सगळ्याचं बरंच झालं होतं. मी त्या सगळ्यांपेक्षा वेगळी आहे, हे मी सोडून तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि मला तर फक्त वाजता येतं.

त्यानं माझी कमर निखाऱ्यांवर धरली आणि बांबू फिरवतात तशी गोल गोल फिरवली. लाल व्हायची वाट त्यानं बघितली नाही हे माझं नशीब. आम्ही लाल होत नाही, थेट वितळतो. पण धग पुरेशी होती. कारखान्यात ओढून ओढून बसवलेला गुंता सुटला. पाळीभर पडून जमवलेले कण विरघळले. मला जांभई यावी तसं सैल सैल वाटू लागलं. मी आतल्या आत किंचाळत होते, पण तापलेला धातू वाजतही नाही.

कोंडाजीनं मला दोन दगडांवर ठेवून नुसतं दाबलं, आणि मी लोण्यासारखी सरळ झाले. मग त्यानं मला दोणीतल्या पाण्यात बुडवलं. चर्रर्र झालं.

"बघ, कशी गप सरळ झाली," तो खुशीनं म्हणाला. "आता पहिल्यापेक्षा कडक झाली असंल."

मी दिसायला अगदी पूर्वीसारखी होते. सरळ, रुपेरी, कमरेपाशी थोडी काळवंडलेली. मला पुन्हा खुंट्यांवर टांगलं. सहदेव येऊन बघून गेला आणि कोंडाजीच्या हाताचं कौतुक करून गेला. आणि मी तिथं टांगलेली, कमरेत मेण भरल्यासारखी.

आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, मला कुणी हात लावू नये. पाण्यात बुडून निघालेला आमचा धातू नुसता पडून राहिला तरी थोडा थोडा कडक होत जातो. भट्टीइतका नाही, पण होतो. आत ते कण पुन्हा एकमेकांना शोधू लागतात, सावकाश, आपल्या गतीनं. पहिल्या दिवशी बरंच, मग कमी कमी. मी वाऱ्याला म्हणत होते, आज नको रे. पोरं आली की मी घाबरत होते. वाडीतल्या प्रत्येक खोकल्याकडे माझे कान लागलेले असत. कुणी आजारी पडू नका, अजून थोडे दिवस पडू नका. असलं मागणं कुणाजवळ मागायचं तेही मला कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी कमळाबाईला पान लागलं.

ती बांधावर गवत कापत होती. दगडाखालून फुरसं निघालं आणि घोट्याला डसलं. तिनं आधी विळ्यानं त्याला मारलं, मग हाक मारली. फुरशाचं विष रक्तात हळूहळू चढतं, पण चढतं. चालायचं नाही, धावायचं नाही, जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर इंजेक्शन. हे वाडीत सगळ्यांना पाठ आहे. कोंडाजीनं पडवीत येऊन मला खुंटीवरून ओढलं. त्या घाईत मी खुंटीवर आपटले आणि वाजले. आवाज बद्द आला. त्याला तो ऐकू आला नाही.

पुढं सहदेव, मागं कोंडाजी. शर्मिला पोट सावरत ओढ्याकडच्या वळणापर्यंत आली आणि तिथं उभी राहून फोनवर रुग्णवाहिकेशी बोलत राहिली. पहिल्या उतारापर्यंत मी तग धरला. मला जेवढं आवळून धरता येईल तेवढं मी आवळून धरलं होतं. पण सहदेवचा पाय शेवाळावर घसरला, झोळीला हिसका बसला, आणि माझ्या कमरेत काहीतरी सरकलं.

"अरे, झोळी खाली का येते?" कमळाबाई आतून म्हणाली. तिचा पाय सुजून टम्म झाला होता, तरी तोंड चालू होतं. "मी जाड झाले का ही दांडी बारीक झाली?"

कोंडाजीनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी वाकत होते. हळूहळू, पण त्याला दिसेल इतकी.

"सहदेवा, हिसका देऊ नको रे. पाय जपून टाक."

"काय झाला?"

"काय नाय. जपून टाक फक्त."

वाट रुंद असेल तिथं मला खांद्यावरच ठेवून कोंडाजी पुढं सरके आणि मोकळ्या हातानं माझी कमर खालून उचलून धरी. अरुंद कड्यापाशी हात सोडावाच लागे. तिथं डाव्या बाजूला नुसती दरी होती. तिथल्या प्रत्येक पावलाला मला वाटत होतं, आता मी मध्ये दुमडले आणि ही बाई गेली. मी तिचा जीव नव्हते धरून ठेवत हो, तिचा जीव माझ्यात अडकला होता. तीन दिवसांत जे काही बारीकसारीक कण जमले असतील, त्यांना मी हाका मारत होते. सरकू नका. आजचा दिवस सरकू नका.

सरकले नाहीत. म्हणजे थोडेच सरकले. ओढ्यापाशी गाडी उभी होती. कमळाबाईला तिच्यात चढवलं आणि मी गवतात पडले, धनुष्यासारखी बाकदार, तिच्या अंगाची ऊब अजून घोंगडीत घेऊन.

ती वाचली. दवाखान्यात इंजेक्शनं झाली, आठवडाभर ठेवून घेतलं, आणि सुजलेला पाय घेऊन ती माझ्याच झोळीतून वर परतली. येताना कोंडाजीनं माझ्या पोकळीत एक ओला बांबू सारायचा प्रयत्न केला होता, पण माझ्या बाकामुळं तो अर्ध्यातच अडकला. म्हणून आणखी दोघं बाजूनं आधार देत आले.

आणि मग जे झालं त्यानं माझी झोपच उडवली. माणसं माझं कौतुक करू लागली! कमळाबाईनं माझ्या टोकाला निळी फीत बांधली. शेजारणी यायच्या, माझ्यावरून हात फिरवायच्या आणि म्हणायच्या, "हिनं जीव वाचवला गो." माझ्या बाकाचीही गोष्ट झाली. सहदेव सांगायचा, कमळाकाकीला वाकून नमस्कार केला बघा दांडीनं. सगळे हसायचे. कोंडाजी हसायचा नाही, पण बोलायचाही नाही. त्याला वाटत होतं की कमळाबाईच्या वजनानं मी वाकले असेन, धोंड्यानं वाकले तशी. माझ्या कमरेला काय झालं होतं, हे त्याला कोण सांगणार?

घरात बोलणी चालायची. शर्मिलाला आठवा लागला होता. तिनं एकदा विषय काढला, की शेवटचा महिना खाली कुठंतरी राहावं.

"कुठं राहणार?" कोंडाजी म्हणाला. "त्याची खोली चार जणांची. तुझं माहेर याच्याहून आत. आणि दांडी हाय ना. कळा आल्या की उचलून तासाभरात खाली."

दांडी हाय ना! हे शब्द मी रोज ऐकत होते. भात कापून होऊ दे, मग बघू. दांडी हाय ना. मी वाऱ्याशिवायच शिट्टी मारायला बघत होते. मी निम्मी आहे हो! माझ्यावर तुमची सून घालू नका! तिच्यासोबत दुसराही जीव असेल. पण पडवीत वाळत घातलेल्या लुगड्याखाली दांडीचं कोण ऐकतंय?

बुद्धरत्न सुट्टीला आला. आईचा पाय बघितला, चहा घेतला, आणि पडवीत येऊन माझ्यासमोर थांबला. माझ्या बाकाकडे बघितलं. काळवंडलेल्या डागावरून बोट फिरवलं. मग त्यानं बोटाच्या पेरानं आधी टोकाला टकटक केलं, मग कमरेला.

"हिला आगीत घातली होती?"

त्यानं खिशातून खिळा काढला. टोकाला घासला, तो घसरला. कमरेला घासला, तो रुतला आणि चांगला खोल ओरखडा उठला. त्यानं तो वडिलांना दाखवला.

"बाबा, ही इथं मऊ झालीय. आई हिच्यातून खाली पोचली कशी हेच मला कळत नाय."

"मी पाणी पाजलं होतं," कोंडाजी म्हणाला. "चांगलं पाणी पाजलं होतं."

"लोखंडाला चालतं ते. हिचं उलटं हाय. पाणी पाजल्यावर ही मऊ पडते, मग मुरवावी लागते."

कोंडाजी खाली बसला. त्यानं स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग म्हणाला, "म्हणजे कड्यावर झोळी जी खाली येत होती, ती माझ्या हातानं."

मला त्याच्याबद्दल इतकं वाईट वाटलं की मी एरवी कधी नव्हते इतकी गप्प झाले. कमळाबाई काठी टेकत बाहेर आली. मला वाटलं आता ही तोंडसुख घेणार. ती नवऱ्याशेजारी उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "तुमच्याच हातानं वर पन धरली होती. मी बघत होते ना झोळीतून. आता उठा, असं बसू नका."

मग वाद झाला. बुद्धरत्नचं म्हणणं, दांडी उद्याच कारखान्यात नेतो. नीट तापवून, पाणी मारून, जरा ताण देऊन सरळ करायची आणि मग भट्टीत मुरवायची. पण भट्टीत आपला मनमानी माल घालता येत नाही, मालक हो म्हणेल आणि जागा असेल तेव्हाच. चार दिवस, आठ दिवस, सांगता येत नाही. कोंडाजीचं म्हणणं, तेवढ्यात शर्मिलाला काही झालं तर? मऊ का होईना, दांडी आहे. आईला नेलंच ना तिनं. नवा बांबू तोडून वाळवून तयार व्हायला दिवस लागतात.

"ओला बांबू घेऊ," सहदेव म्हणाला.

"ओला बांबू लवतो. त्या कड्यावर लवला तर?"

"मग हीच राहू दे इथं."

"ही मोडली तर?"

दोघंही खरं बोलत होते. मी मध्ये टांगलेली, आणि माझी कधी नव्हे अशी तगमग चाललेली. मला जावंसंही वाटत होतं आणि राहावंसंही. गेले तर वाडी उघडी. राहिले तर वाडीला नुसता आधाराचा भास. या दोन्हींत वाईट काय ते माझं मला ठरवता येईना.

शर्मिला तांदूळ निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"तुम्ही सगळे मला उचलायचीच गोष्ट करता," ती म्हणाली. "आज मला चालता येतं. मी आज चालत खाली जाते."

"आणि राहणार कुठं गो?" कोंडाजी म्हणाला.

"ते तुम्ही बघा. विहारातल्या कुणाची तरी ओळख काढा. खोली मिळत नसंल तर दवाखान्याच्या व्हरांड्यात बसेन. दांडी हाय म्हणून सगळे इथं बसून राहिलात. दांडी नसती तर मागच्याच महिन्यात सोय केली असती."

जे मी इतके दिवस शीळ घालून सांगू बघत होते, ते तिनं किती सरळ सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आधी आम्ही निघालो. पुढं शर्मिला, एका हातात काठी, दुसऱ्या हातात कपड्यांची पिशवी. तिच्या मागं बुद्धरत्न, त्याच्या खांद्यावर मी. माझ्यावर काहीच बांधलेलं नव्हतं. कड्यापाशी ती थांबली, दम घेतला, आणि कातळाच्या भिंतीकडच्या अंगानं एकेक पाऊल टाकत पुढं गेली. ज्या वाटेवर मी आजवर माणसांचं कण्हणं ऐकत आले होते, त्या वाटेवर त्या दिवशी नवरा-बायकोचं भांडण ऐकत गेले. पंखा घ्यायचा की नाही यावर. मला फार बरं वाटलं.

महाडला विहारात ओळख निघाली. कापडाच्या दुकानात काम करणाऱ्या आवडी नावाच्या बाईनं आपल्या घरातली मागची खोली दिली. मला कारखान्याच्या कोपऱ्यात उभी केली. मालकानं पुढच्या खेपेला म्हणून सांगितलं आणि ती खेप काही दिवस लांबली. मी तिथं उभी राहून फक्त एकच ऐकत होते, बुद्धरत्नचा फोन. तो वाजला की माझ्या अंगावर काटा. वाडीवर काय चाललं असेल? कुणाला पान लागलं नसेल ना? कोंडाजीनं बांबू तोडला म्हणे, आणि आता तो वाळवायला टाकलाय, आगीपासून लांब.

आज माझी पाळी आली. मला नीट तापवलं, अंगभर एकसारखं, मापानं. पाण्यात घातलं. मी पुन्हा मऊ. मग दोन्ही टोकं पकडून गार अंगानं ताण दिला आणि माझा बाक निघाला. दुखलं, पण या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही. दुपारच्या पाळीला मला भट्टीच्या जाळीवर ठेवलं. बुद्धरत्न दार लावणार इतक्यात त्याचा फोन वाजला.

"काय? कधीपासून? रिक्षा आली? अरे मग चालत कशाला गेली ती?" त्याच्या हातातला पाना खाली पडला. "सुशांत, दार लाव. मी निघालो."

"अरे, पण हिचं टायमिंग?"

"तुला माहिताय. हात लावू नको मध्ये."

तो पळाला. वेळेच्या आधी कळा आल्या होत्या. आवडीच्या घरापासून दवाखाना गल्ली ओलांडली की आहे, आणि शर्मिला रिक्षाची वाट न बघता निघाली होती. सुशांतनं दार लावलं.

मी आता आतून बोलतेय. मंद धग आहे, अंधार आहे, अंगात एकेक कण एकेकाला शोधतोय. मला पडून राहायचंय आणि मला पडून राहवत नाहीये. आज ती वर असती तर याच वेळी मला खुंटीवरून ओढलं असतं, कड्यावर दोन जीव माझ्या मऊ कमरेला टांगले असते, आणि मी कितीही हाका मारल्या असत्या तरी पुरल्या असत्या की नाही, मला माहीत नाही. नाही पुरल्या असत्या. मला माहीत आहे.

माझी एवढीच विनवणी आहे तुम्हाला. मी येईन परत वाडीवर, चांगली खणखणीत होऊन येईन आणि उचलायचं असेल त्याला उचलेन. पण मी आहे म्हणून ओढ्यापाशी थांबलेला तुमचा रस्ता तिथंच थांबवून ठेवू नका. मी वस्तू आहे. माझ्या आत काय चाललंय ते तुम्हाला बाहेरून दिसत नाही.

आणि सुशांत, ए सुशांत, तू तिथंच असशील ना दारापाशी? वेळ झाली की दार उघडशील, मला पान्यानं ठोकून बघशील, आवाज कसा येतो म्हणून. ते नंतर कर रे. आधी मला एवढं सांग, मूल रडलं का?